परदेशातून गिटार, पियानो (आणि बाकी बरंच काही) मागवणं खरंच स्वस्त पडतं का?

ऋतुगंधा | २ ऑक्टोबर २०२४, सकाळी ११:२०

दिवाळीला माझे चुलत दीर न्यू जर्सीहून ठाण्याला येतायत. फोनवर सहज "काही आणायचंय का?" म्हणाले आणि तेव्हापासून आमच्या घरात याद्या सुरू झाल्या आहेत. लेकीला इलेक्ट्रिक गिटार हवी. धाकटा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पियानोच्या परीक्षा देतो. आता ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर भागणार नाही, ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या असं त्याच्या सरांनी सांगितलंय. नवऱ्याचं म्हणणं, तिकडे सगळं निम्म्या किमतीत मिळतं, मग इथे कशाला घ्यायचं?

मला हे निम्म्या किमतीचं प्रकरण पटत नाहीये. आमच्या लहानपणी असेल तसं. पण आकडे माझ्याकडे नाहीत आणि त्याच्याकडे आत्मविश्वास आहे. कोणी अलीकडे वाद्यं (किंवा इतर वस्तू) बाहेरून आणली असतील तर हिशोबासकट लिहा. कस्टम्सचं काय, विमानात गिटार कशी नेतात, वॉरंटी चालते का, सगळंच.

कल्याण_लोकल | ११:३४

रुमाल टाकून ठेवतो. साडू शिकागोत आहे, त्याला अजून माहीत नाही.

सहा_तारा | १२:१०

लेक नवशिकी आहे का? असेल तर सरळ इथे घ्या. सुरुवातीच्या आणि मधल्या किमतीच्या बहुतेक गिटारी इंडोनेशियात नाहीतर चीनमध्ये बनतात. फेंडर कंपनीची स्क्वायर घ्या, यामाहाची पॅसिफिका घ्या, तीच गिटार एकीकडे अमेरिकेतल्या दुकानात जाते आणि दुसरीकडे आपल्या. इथे आयातीचा कर आणि १८ टक्के जीएसटी बसतो हे खरं, पण इथल्या किमतीही तो धरूनच आणि इथल्या गिऱ्हाइकाचा खिसा बघून ठरतात. त्या पातळीवर फरक उरतो तो थोडा.

हिशोब मांडून बघा. समजा तिकडे छापील किंमत ६०० डॉलर. ती छापील किंमत करासकट नसते, हे आपल्याकडचे लोक हमखास विसरतात. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे जवळपास ६४० डॉलर. डॉलरला ८४ रुपये या २०२४ च्या भावाने ५३,७०० च्या आसपास. आता इथे त्या गिटारीचा भाव काय ते बघा आणि वजाबाकी करा. उरलेल्या रकमेत केस, जादा बॅग आणि दिरांचं एक जेवण बसवा.

फरक खरा दिसतो तो अमेरिकेतच बनलेल्या महागड्या गिटारींत, किंवा वापरलेल्या वाद्यांत. जुन्या वाद्यांचा बाजार तिकडे मोठा आहे, आपल्याकडे अजून तसा नाही.

ऋतुगंधा | १२:२८

नवशिकी नाही म्हणता येणार, शाळेच्या बँडमध्ये वाजवते. पण उधारीच्या गिटारवर. धन्यवाद, हे नवऱ्याला पाठवते.

एडिसनचा_वऱ्हाडी | रात्री १०:४५

आता जरा आमची बाजू ऐका बाप्पा.

आम्ही "काही आणायचंय का?" विचारतो ते "जेवलात का?" सारखं असतं. त्यावर कोणी ताट घेऊन बसत नाही! आमच्या घरी गावाला निघायच्या महिनाभर आधीपासून खोकी येऊन पडतात. कोणाचा फोन, कोणाचे बूट, कोणाच्या सांधेदुखीच्या गोळ्यांचे डबे. मामेभावाने एकदा कारचा सुटा भाग माझ्या पत्त्यावर मागवला, मला न सांगता. तो ज्या दिवशी दारात आला तेव्हा मला वाटलं शेजाऱ्याचा असेल.

विमान कंपनी देते २३ किलोच्या दोन बॅगा, तेही सगळ्या तिकिटांवर नाही. त्यात बायकोमुलांचे कपडे, सगळ्यांची चॉकलेटं आणि आता तुमचा पियानो. ताई, दिरांना गिटार सांगा हवं तर, पियानो सांगू नका. भाऊबीज गोड होऊ द्या.

(हलके घ्या. पण पूर्ण हलके नका घेऊ.)

केशरमावा | रात्री ११:०२

वऱ्हाडी दादा, "ताट घेऊन बसत नाही" 😂 आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते आहे, नाव न देता.

हिरवी_वाट | ३ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

मी कस्टम्स क्लिअरन्सच्या धंद्यात आहे, त्यामुळे नियम आत्ता, २०२४ मध्ये, जसे आहेत तसे सांगतो.

विमानाने येणाऱ्या प्रवाशाला २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे ५० हजार रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय आणता येतात. यात तुम्ही वापरत असलेल्या प्रवासी चीजवस्तू धरत नाहीत. त्या वेगळ्या. अठरा वर्षांवरच्या माणसाला एक लॅपटॉप वेगळा. तुमचे दीर भारतीय पासपोर्टवर असोत की भारतीय वंशाचे अमेरिकन नागरिक असोत, मर्यादा ५० हजारच. मूळचा परदेशी पाहुणा असेल तर १५ हजार.

५० हजारांच्या वर जे जाईल त्यावर ३५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के अधिभार. एकूण ३८.५ टक्के. सहा_तारा यांच्या उदाहरणात मर्यादेच्या वर ३,७०० रुपये गेले, म्हणजे शुल्क चौदाशेच्या घरात. गिटार १,२०० डॉलरची असती तर बघा: करासकट सुमारे १,२८० डॉलर, म्हणजे साधारण १,०७,५०० रुपये. वरच्या ५७,५०० वर शुल्क २२ हजारांच्या पुढे. गिटार घरात येईपर्यंत १,२९,६०० ला पडली. इथे तीच सव्वा लाखाला मिळत असेल तर दिरांनी ती उचलून आणली कशासाठी?

आणखी एक. नवरा-बायको दोघे आले म्हणून ५०+५० असं एका वस्तूसाठी जोडता येत नाही. लोक काऊंटरवर येऊन हेच सांगतात, "आम्ही चौघं आहोत ना!" चौघं असा, गिटार एकाचीच.

कल्याण_लोकल | ९:३१

आणि कुरियरने मागवली तर?

हिरवी_वाट | ९:४०

त्यावर आकारणी वेगळ्या दराने होते आणि २०२४ मध्ये तरी ती बॅगेजपेक्षा चढी आहे. शिवाय "गिफ्ट" लिहून पाठवण्याची जुनी सोय डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. भेट म्हणून शुल्काशिवाय आता राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढंच येतं. बहिणीने राखीला बांधून गिटार पाठवली तर येईल का, हा प्रश्न मला खरोखर एकाने विचारला होता.

चकवा | १०:०५

एवढं काय त्यात. खोकं तिकडेच टाकून द्यायचं, गिटारला दोन स्टिकर चिकटवायचे, पट्टा लावायचा, "माझी जुनी आहे" म्हणायचं. हिरव्या वाटेने (ग्रीन चॅनेल, शुल्क लागणारं काही नाही म्हणणाऱ्यांची) सरळ बाहेर. माझ्या ओळखीत सगळे असंच करतात.

हिरवी_वाट | १०:२२

सगळे करतात आणि त्यातले काही पकडले जातात. मग शुल्क तर भरायचंच, वर दंड, आणि वस्तू सोडवायला हेलपाटे. स्टिकर लावलेल्या नव्या गिटारच्या तारांना गंज नसतो, फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) एक ओरखडा नसतो. तिथला माणूस रोज शेकडो बॅगा बघतो.

खरोखर जुनं, तुमचं स्वतःचं वाद्य असेल तर खोटं बोलायची वेळच येत नाही. आणि कलाकारांसाठी: इथलं महागडं वाद्य किंवा कॅमेरा घेऊन बाहेर जात असाल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत येताना "हे तिकडे विकत घेतलं का?" या प्रश्नाला तोच कागद उत्तर आहे.

बेसूर_पण_जोरात | १०:३०

चकवा भाऊ, आयडी शोभतो तुम्हाला.

काळी_चार | १०:५८

एक्स्पोर्ट सर्टिफिकेटला शंभर वेळा अनुमोदन. आमच्यातले एक तबलजी दौऱ्याला जाताना आपला ध्वनिमुद्रणाचा संच घेऊन गेले, कागद न करता. परतताना तासभर पावत्या शोधत होते. संच दादरला घेतलेला, पावती दादरच्या कपाटात.

फ्यूज_उडाला | दुपारी १:१५

किमतीवर सगळे बोलतायत, विजेवर कोणीच नाही, म्हणून आलो.

अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, जपानात १०० व्होल्ट. आपल्याकडे २३०. डिजिटल पियानो किंवा कीबोर्ड असेल तर त्याचा अडॅप्टर बाहेर असतो. त्यावर बारीक अक्षरात "इनपुट १००–२४० व्होल्ट" लिहिलेलं असलं की निश्चिंत व्हा, नुसती पिन बदला. फक्त १२० लिहिलं असेल तर इथे त्याच व्होल्टचा, तेवढ्याच अँपिअरचा अडॅप्टर घ्या. आतल्या टोकाचं प्लस-मायनस बघून घ्या, तिथे लोक चुकतात.

गिटारचा अॅम्प (आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका) ही वेगळी जात. त्यात लोखंडी ट्रान्सफॉर्मर आतच असतो. १२० चा अॅम्प आपल्या सॉकेटला लावला की काही सेकंदांत वास येतो आणि मग धूर. वाचवायचा तर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, तो विटेएवढा जड आणि तोही घूं करतो. नेमका तोच घूं रेकॉर्डिंगमध्ये येतो. अॅम्प इथेच घ्या, यावर चर्चा नको.

मिक्सर, एअर फ्रायर, कॉफी मशिन, केस वाळवायचं यंत्र यांनाही हेच. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर दर जानेवारीत अशी यंत्रं येतात. दिवाळी-नाताळात मायदेशी आलेली.

सहा_तारा | १:४०

अॅम्पबद्दल अनुमोदन. हल्ली हेडफोनमध्ये लावायचे छोटे अॅम्प मिळतात, यूएसबीवर चार्ज होणारे. ते आणायला हरकत नाही, शेजाऱ्यांचाही फायदा.

केशरमावा | १:५२

अवांतर: आयफोनचं कोणी सांगेल का? नणंद बोस्टनहून येतेय.

एडिसनचा_वऱ्हाडी | २:०५

आला फोन! म्हटलं अजून कसा आला नाही.

आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या मॉडेलला सिमकार्डाची खाचच नाही, फक्त ई-सिम. आपल्याकडे मोठ्या कंपन्या ई-सिम देतात, पण सासूबाईंना देणार असाल आणि त्या महिन्याला कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालत असतील तर भांडण होईल. बाकी तुम्ही आणि नणंद बघून घ्या.

हिरवी_वाट | २:२०

आणि टीव्ही कोणी विचारायच्या आत: चपटा टीव्ही ५० हजारांच्या सवलतीत बसत नाही. २६ ऑगस्ट २०१३ पासून. त्याआधी बँकॉक-दुबईहून टीव्ही घेऊन येणाऱ्यांची रांग लागायची विमानतळावर. आता, २०२४ मध्ये, पहिल्या रुपयापासून ३८.५ टक्के.

तोक्योतली_मावशी | सायंकाळी ६:३०

अमेरिकेतच का अडकलात सगळे? वापरलेल्या गिटारींसाठी जपानसारखी जागा नाही.

तोक्योत ओचानोमिझु नावाचं स्टेशन आहे. बाहेर पडलं की मेइजी विद्यापीठाकडे उतरता रस्ता लागतो आणि दोन्ही बाजूंना वाद्यांची दुकानंच दुकानं. एका दुकानात फक्त बास गिटारी, एकात फक्त डावखुऱ्यांच्या गिटारी. जुन्या गिटारीला एक चिठ्ठी लटकवलेली असते. तिच्यावर साल, वजन, कुठे ओरखडा आहे, कुठला बटण बदललाय, फ्रेट किती उरलेत, सगळं लिहिलेलं. आपण नुसतं बघत उभं राहिलो तर पोरगा येऊन स्टूल, अॅम्प आणि ट्यूनर मांडून देतो, आणि "वाजवा" म्हणून निघून जातो. लक्ष ठेवून उभा राहत नाही. मला वाजवता येत नाही, मी भाच्यासाठी गेले होते, तरी मलाही स्टूल दिलं.

फेंडरने १९८२ मध्ये जपानात गिटारी बनवायला सुरुवात केली. त्या काळातल्या गिटारींना अजून मागणी आहे आणि अमेरिकन गिटारपेक्षा त्या स्वस्त पडतात. इथला कर १० टक्के. पर्यटक म्हणून आलात, पासपोर्ट दाखवला आणि खरेदी ५,००० येनांच्या वर असेल तर सध्या, २०२४ मध्ये, तो दुकानातच वजा होतो, विमानतळावर रांग नाही. शिवाय यंदा येन पडलाय, जुलैत डॉलरला १६० च्या पुढे गेला होता. आमचा पगार येनमध्ये, त्यामुळे आम्ही रडतोय, पाहुणे मजेत.

सेकंडहँड दुकानांच्या एका मोठ्या साखळीत तर मोडक्या मालाचा वेगळा कोपराच असतो. "चालेल याची हमी नाही" अशी पाटी, आणि लोक तिथे पेटीत हात घालून बसलेले.

सहा_तारा | सायंकाळी ७:१०

मावशी, हा प्रतिसाद वाचून माझी बायको मला आता तोक्योला पाठवणार नाही.

एक पुरवणी. सत्तरच्या दशकातली जुनी गिटार घेताना लाकूड विचारा. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स कराराच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय ते सीमेपार नेणं म्हणजे जप्ती. बाकी सगळं रोझवूड २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात गेलं होतं, तेव्हा दुकानदारांनी डोकं धरलं. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे साधी भारतीय रोझवूडची गिटार आता बिनघोर.

म्युनिकवाला | रात्री ९:२०

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी: इथला १९ टक्के व्हॅट परत मिळतो तो युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला. माझ्यासारख्या इथल्या रहिवाशाला नाही. त्यामुळे आई-बाबा भेटायला येतात तेव्हा ते स्वतः घेतात, स्वतःच्या पासपोर्टवर, आणि निघताना विमानतळावर कस्टम्सचा शिक्का घेतात. वस्तू बॅगेत टाकून चेक-इन केली आणि मग शिक्का मागायला गेलं तर अधिकारी म्हणतो "दाखवा". आधी शिक्का, मग बॅग. ब्रिटनमध्ये तर २०२१ पासून पर्यटकांची ही सवलतच काढून टाकली, त्यामुळे लंडनची खरेदी विसरा.

बव्हेरियात ट्रेपेनडॉर्फ नावाच्या खेड्यात थोमानचं वाद्यांचं दुकान आहे. गाव लहान, दुकान अफाट. बाबांना सतारीची तार मिळेल का विचारायचं होतं, मी ओढून बाहेर काढलं.

मांडवी_तीर | ४ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

आमच्या गोव्यात ही चर्चा शंभर वर्षं जुनी. वाड्यावाड्यात तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. ते कोबेहून, हॅम्बुर्गहून सॅक्सोफोन, अकॉर्डियन, ट्रम्पेट आणायचे. माझ्या काकांचा यामाहाचा सॅक्सोफोन कोबेतून आलेला, अजून लग्नांत वाजतो. तेव्हा इथे मिळतच नसे, म्हणून आणत. स्वस्ताई हा नंतरचा मुद्दा.

आता उलट आहे. ब्रास बँडची वाद्यं मेरठला बनतात, जली कोठीत, आणि देशभरच्या वरातींत तीच दिसतात. चांगल्या कानाच्या वादकाला ती पुरत नाहीत हे खरं, सूर पक्का बसत नाही. पण शिकणाऱ्या पोराला पहिली दोन वर्षं काय फरक पडतो? लाखाचा ट्रम्पेट घेऊन देतात आणि पोर तिसऱ्या महिन्यात फुटबॉलला जातं.

ऋतुगंधा | ९:३०

तिसऱ्या महिन्यात फुटबॉल 😅 आमच्याकडे तबल्याचं तसं झालंय. तबला अजून कपाटावर आहे, गादीसकट.

पियानोबद्दल कोणी सांगा ना. नवरा अजून पियानोवर अडून आहे.

फ्यूज_उडाला | १०:१०

माप घ्या. यामाहाचा पी-४५ हा ८८ पट्ट्यांमधला सुटसुटीत पियानो. लांबी १३२ सेंटिमीटर, वजन साडेअकरा किलो, खोक्याशिवाय. विमान कंपन्यांची चेक-इन बॅगेची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर. हा पियानो खोक्याविनाच १७७ भरतो. म्हणजे ओव्हरसाइजचे पैसे, तेही डॉलरमध्ये. त्यात खोकं उभं टाकलं, आडवं टाकलं, पट्ट्यांवर काय बसेल कोण जाणे. आणि बिघडला तर वॉरंटी अमेरिकेची. इथलं सेवा केंद्र पावती बघून नम्रपणे हात जोडतं.

काळी_चार | १०:३५

शिवाय कीबोर्डमध्ये भारतासाठीची मॉडेल वेगळी असतात. यामाहाची पीएसआर-आय मालिका, कॅसिओची शेवटी आयएन असलेली. त्यांत तबल्याचे ठेके, तानपुरा, सतारीचे आवाज असतात. तिकडचं तेच यंत्र घेतलंत तर त्यात पोल्का मिळेल, केरवा मिळणार नाही. गणपतीत आरतीला बसायचं असेल तर विचार करा. यामाहाचा चेन्नईजवळ कारखानाही आहे, बाहेरून आणण्याचं कारण आणखी कमी.

मिरजेचा_भोपळा | दुपारी १२:२५

सगळे आणायचं बोलतायत, आम्ही पाठवायचं बघतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दर हिवाळ्यात परदेशातले मराठी येतात. शिकलगारांची घराणी शस्त्रं घासता घासता एकोणिसाव्या शतकात या वाद्यांकडे वळली. याच वर्षी, २०२४ मध्ये, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे चौकशा वाढल्यात.

स्वस्तच म्हणाल तर इथला तंबोरा अमेरिकेत विकत घेण्यापेक्षा नक्कीच स्वस्त. पण तंबोरा ही फक्त वस्तू नाही, त्याला माणूस लागतो. भोपळा पंढरपूरकडचा, तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली. सगळं आपल्या हवेत वाळलेलं. न्यू जर्सीत नोव्हेंबरपासून घरात हीटर चालू, हवा कोरडीठाक. लाकूड आक्रसतं आणि गळ्याचा सांधा बोलायला लागतो. आणि जवारी! घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात तिचा) पृष्ठभाग कानसेने केसभर घासून, तारेखाली सुताचा दोरा मागेपुढे सरकवत, तार अशा जागी आणायची की एका सुरातून चार सूर सुटले पाहिजेत. इथून पुण्याला नेला तरी कारागिराचा हात पुन्हा फिरवावा लागतो कधी कधी. तिकडे तो हात कुठून आणणार?

माझा सल्ला: ऐंशी टक्के लोकांनी चपट्या पोटाचा प्रवासी तंबोरा घ्यावा. मोठाच हवा तर फायबरची पेटी करून घ्या. तारा उतरवा, पण पार सैल सोडू नका, घोडी हलते. पेटी ओव्हरसाइजमध्ये जाणार हे धरून चाला.

बेसूर_पण_जोरात | १२:४०

किंवा फोनवर तानपुऱ्याचं अॅप. वजन शून्य.

मिरजेचा_भोपळा | १२:४४

तुमच्या आयडीला तेच पुरेल.

तोक्योतली_मावशी | १:३०

😂😂 मिरजेहून तोक्योपर्यंत ऐकू आलं.

अवांतर: गिटारवरून आठवलं, जपानी सुरी आणा कोणी आलं तर. स्वयंपाकाची. चेक-इन बॅगेत, हातातल्या पिशवीत नाही.

चकवा | १:४५

म्हणजे शेवटी निष्कर्ष काय? काहीच आणू नका?

सहा_तारा | २:२०

असं कोणी म्हटलेलं नाही. लहान, हलकं, विजेवर न चालणारं किंवा इथे मिळतच नाही असं असेल ते आणा. तारांचे संच, चांगला केपो (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा), नट-सॅडल (तारा टेकतात ते दोन टोकांचे तुकडे), इफेक्ट पेडल (आवाज बदलणारं पायाने दाबायचं यंत्र; नऊ व्होल्टवर चालतात, इथल्या अडॅप्टरवर चालतील), क्लॅरिनेटच्या रीड, व्हायोलिनचं रोझिन. यांच्या किमतीतला फरक मोठा आणि मूठभर जागेत मावतात. गिटार आणायचीच झाली तर शुल्काशिवायच्या मर्यादेतली, वापरलेली, आणि आणणारा माणूस ती दुकानात स्वतः वाजवून बघणारा असेल तरच. दिरांना वाजवता येतं का?

ऋतुगंधा | २:३५

दीर अकाउंटंट आहेत. शिट्टी चांगली वाजवतात.

एडिसनचा_वऱ्हाडी | ३:००

अमेरिकन कंपनीचं विमान असेल तर एक सोय आहे, सांगून ठेवतो. तिथल्या कायद्याने वरच्या कप्प्यात जागा असेल तर गिटार केबिनमध्ये घ्यावीच लागते. पण "जागा असेल तर". म्हणजे सगळ्यात आधी विमानात चढा. मागून चढलात तर गिटार खाली जाणार, म्हणून केस कडक पाहिजे, कापडी नको. आणि कनेक्शन दुसऱ्या देशाच्या कंपनीचं असेल तर पुढचं देवाक काळजी.

ऋतुगंधा | १९ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

ताजा समाचार. धागा छापून नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला होता. हिरवी_वाट यांचा हिशोब वाचून तो गप्प झाला, फ्यूज_उडाला यांच्या मापांनी पियानो पडला.

गेल्या शनिवारी धोबीतलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात गेलो. लेकीने तासभर एकेक गिटार मांडीवर घेतली. तिला नेटवर जी आवडली होती तिची मान तिच्या हाताला जाड निघाली, बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबतात तो) धरताना अंगठा पोचेना. शेवटी वेगळीच घेतली, दिरांना जी सांगणार होतो ती नाहीच. पियानो ठाण्यातच घेतला, दुकानदाराने घरी आणून स्टँडवर चढवून दिला.

दिरांना सांगितलंय ते असं: तारांचे चार संच, एक पेडल आणि केपो. त्यांनी इतकं खूश होऊन "बस, एवढंच?" विचारलं की मला वऱ्हाडी दादांची आठवण झाली.

आता उलटी ऑर्डर आली आहे. जाऊबाईंना तिकडे भजनी मंडळासाठी पेटी न्यायची आहे. काळी_चार, काय बघू?

काळी_चार | ११:४०

पेटी कितव्या काळीत गातात ते आधी विचारा, स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी पेटी) लागतो की नाही ते त्यावर ठरेल. मंडळात बायका-पुरुष दोन्ही असतील तर लागेल, पण तो जड असतो आणि त्याची यंत्रणा प्रवासात बिघडण्याची शक्यता जास्त. माझं मत साधी, दोन सुरांची (आतल्या वाजणाऱ्या धातूच्या रीडना सूर म्हणतात), बंद होऊन पेटीतच बसणारी घ्या. सूर पालिताण्याचे चांगले येतात, कारागिराला विचारून घ्या. भाता उघडून, एकही पट्टी न दाबता, नुसता भरा आणि सोडा, किती वेळात खाली बसतो ते बघा. भुर्रकन बसला तर चामडं किंवा सांधा गळतोय.

तिकडे हीटरच्या जवळ ठेवू नका म्हणावं. खोलीत ह्युमिडिफायर असेल तर उत्तम. कोरड्या हवेत पट्ट्या ढिल्या होतात, भात्याला फट पडते. आणि बॅगेत घालताना भाता बांधून, पट्ट्यांवर फोमचा तुकडा ठेवून झाकण लावा, नाहीतर तिकडे पोचल्यावर पंचम अडकलेला असेल.

एडिसनचा_वऱ्हाडी | रात्री ९:५०

पेटीचं वजन किती होतं हो, काळी_चार?

काळी_चार | रात्री १०:०५

साधी पेटी केससकट दहा-बारा किलो धरा. स्केलचेंजर त्याहून जड.

एडिसनचा_वऱ्हाडी | रात्री १०:१२

म्हणजे येताना चार तारा आणि जाताना अर्धी बॅग. ऋतुगंधा ताई, तुमच्या दिरांना माझा नंबर द्या, आमची संघटना आहे.